गाडी विकायची का, ते नंतर ठरवू

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी १९ वर्षांची, नाशिकची. पुण्यात इंजिनीअरिंगला, ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते. बाराव्या वर्षापासून मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची उड्यांची मोटरसायकल शर्यत) चालवते. जुनी २५० सीसी फोर-स्ट्रोक गाडी आहे, ती नाशिकला घरी असते. गेलं अख्खं सेमिस्टर शनिवारी सबमिशनचं काम उरकून संध्याकाळच्या बसने घरी, रविवारी ट्रॅक आणि रात्रीच्या बसने परत, असं काढलं. ऑक्टोबरमध्ये टेबलटॉपवर (सपाट माथ्याची जंप) पडले, पण पुढच्या रविवारी परत चालवली. परीक्षेत एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला. बाबा म्हणतात, गाडी विकून टाक. मला तीन रस्ते दिसतात: गाडी विकणं, गाडी पुण्याला आणून आठवड्यातून दोनदा सराव करणं, किंवा एक वर्ष ड्रॉप घेऊन फक्त रेसिंग. कॉलेजची वर्षं अशीच गेली तर या खेळात कायमची मागे पडेन असं वाटतं. जाता जाता सांगते, पडल्यावर मधली पाचेक मिनिटं आठवत नव्हती आणि दोन आठवडे वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. ते घरी सांगितलेलं नाही.

उत्तर:

तू जे ‘जाता जाता’ लिहिलंस, तिथूनच सुरुवात करू.

डोकं आपटल्यानंतरची काही मिनिटं न आठवणं आणि पुढचे दोन आठवडे वाचलेलं न टिकणं, ही कन्कशनची, म्हणजे धक्क्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडण्याची, ठळक लक्षणं आहेत. निदान डॉक्टरांनी करायचं, पण दाट शंका घ्यायला एवढं पुरे. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, हा ट्रॅकवरचा जुना गैरसमज आहे. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही. उठतो, गाडी उचलतो, वर ‘मी ठीक आहे’ असंही सांगतो. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून कन्कशन नाही, असंही होत नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाड मोडलेलं दिसतं, मेंदूच्या कामातला तात्पुरता गोंधळ दिसत नाही.

आता तारखा शेजारी शेजारी मांडून बघ. ऑक्टोबरमध्ये पडलीस, त्यानंतरचे दोन आठवडे डोक्यात काही जात नव्हतं, आणि परीक्षा लगेच पुढे. एम-थ्रीसारखा विषय ज्या दिवसांत बसून, गणितं सोडवून पक्का करायचा असतो, नेमके तेच दिवस वाया गेले. बाकीचे विषय सुटले, हेही लक्षात घे. म्हणजे बाबांनी एम-थ्रीचं बिल दर रविवारच्या सरावावर फाडलं, तूही ते निमूटपणे मान्य केलंस; पण ते बहुधा एका पडण्याचं आणि त्यानंतर न घेतलेल्या विश्रांतीचं बिल आहे. हा फरक किरकोळ नाही. सराव दोषी असेल तर सराव कमी करायचा. पडल्यानंतरचं वागणं दोषी असेल तर नुसता सराव कमी करून काहीच सुधारणार नाही. वर्षातून पाचदा चालवून एकदा पडलीस तरी हेच होईल.

म्हणून आधी डॉक्टर. न्यूरोलॉजिस्ट किंवा स्पोर्ट्स मेडिसिनचा डॉक्टर गाठ आणि ऑक्टोबरपासूनचं सगळं सांग. अजूनही डोकेदुखी, उजेडाचा त्रास, झोपेची गडबड, चिडचिड यातलं काही असेल तर तेही लपवू नकोस. पहिलं कन्कशन भरून यायच्या आत दुसरा फटका बसला तर तो कितीतरी महागात पडू शकतो. पुढच्याच रविवारी परत गाडीवर बसलीस, तेव्हा तू नेमका तोच जुगार खेळलीस.

आणि पुढच्या वेळेसाठी, कारण या खेळात पुढची वेळ येतेच: डोक्याला मार लागला की त्या दिवशी परत गाडीवर बसायचं नाही. पहिले २४ ते ४८ तास आराम. हलकं चालणं चालेल, मोबाइल आणि लॅपटॉप जमेल तितका कमी. मग अभ्यास २०–३० मिनिटांच्या तुकड्यांत. त्रास वाढला तर थांबायचं. क्रम पक्का ठेव: आधी पूर्ण दिवसाचं कॉलेज कुठल्याही त्रासाशिवाय जमलं पाहिजे, मग जिम आणि धावणं, मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सपाट जागी गाडी, आणि सगळ्यात शेवटी जंप. प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस. लक्षण परत आलं तर एक पायरी मागे. कॅलेंडरवर तीन आठवडे गेले असं धरूनच चाल, लवकर बरी झालीस तर उत्तम. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही नीट जाग न येणं, फिट, एका बाजूची ताकद कमी होणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर घरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

ऑक्टोबरमधलं हेल्मेट अजून वापरते आहेस का? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही, म्हणून विचारतो. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो. बाहेरून ओरखडासुद्धा नसेल, पण आतला थर दबला असेल तर पुढच्या वेळी तो काहीच शोषून घेणार नाही. ते हेल्मेट बाद कर आणि कुणा ज्युनिअरला ‘चांगलं आहे अजून’ म्हणून विकू नकोस. नवीन घेताना ईसीई २२.०६ चा (हेल्मेटचं सुरक्षा-मानक) शिक्का आणि डबल-डी रिंगचा (दोन कड्यांतून ओवायचा) पट्टा बघ, मापात इतकं घट्ट घे की डोकं हलवलं की गालाची कातडी सोबत हलली पाहिजे.

आता वेळेचा प्रश्न. तुझं गृहीतक असं दिसतं की जितके रविवार जास्त, तितका सराव जास्त. एका रविवारचा हिशेब करून बघू. बस, स्टँडवरची वाट, रिक्षा धरून नाशिक-पुणे एका बाजूला पाच तास, म्हणजे जाऊन-येऊन दहा. गाडी टेम्पोत चढवणं, ट्रॅकवर पोचणं, उतरवणं, परत धुणं हे आणखी तीन-चार तास. आणि प्रत्यक्ष ट्रॅकवर? पंधरा-वीस मिनिटांचे तीन मोटो (सलग चालवण्याचे टप्पे), फार तर तासभर. सेमिस्टरमध्ये असे १४ रविवार गेले तर १४ तास गाडी आणि १४० तास बस. त्याऐवजी दर तिसऱ्या आठवड्याला शुक्रवारी संध्याकाळी निघालीस, शनिवार-रविवार दोन्ही दिवस मिळून अडीच तास चालवलीस, तर पाच फेऱ्यांत साडेबारा तास गाडी आणि ५० तास बस. सराव जवळजवळ तेवढाच, वाचले ९० तास. बसमध्ये अभ्यास करते असं म्हणणारी असशील तर सिन्नरच्या पुढे डोळे उघडे असतात का, ते तूच सांग.

दोन दिवस लागोपाठ चालवण्याचा आणखी एक फायदा असतो. पहिल्या दिवशी लाइन (ट्रॅकवरून जाण्याची नेमकी वाट) सापडते, दुसऱ्या दिवशी ती पक्की होते. तीन आठवड्यांनी एकच दिवस मिळाला तर तो हात मोकळे करण्यातच जातो. मात्र शनिवारीच सगळी ताकद खर्च करायची नाही. रविवारी दुपारी थकलेल्या हातांनी मारलेली ‘शेवटची एक जंप’ सगळ्यात जास्त लोकांना प्लास्टरमध्ये घालते.

पावसाळ्याचाही विचार कर. जुलै ते सप्टेंबर मुरमाचा ट्रॅक तरी निचरा होऊन चालवण्यासारखा होतो. काळी माती असेल तर चाक आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) मध्ये चिखलाचे गोळे बसतात, क्लच जळतो आणि दिवस गाडी ढकलण्यात जातो. त्या तिमाहीत फेऱ्या दोनच ठेव आणि अवघड विषय तेव्हाच पुढे काढ. कसर हिवाळी सुट्टीत आणि उन्हाळ्यात भरून निघते.

गाडी पुण्याला आणण्याचा पर्याय मला पटत नाही. तुझ्या गाडीला लाइट नाही, नंबर नाही. ती रस्त्यावर चालवता येत नाही. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये ती कुणी ठेवू देणार नाही, आणि खोलीत पेट्रोलचा कॅन तर नकोच. म्हणजे ट्रॅकजवळ शेड भाड्याने, दर वेळी पिकअप, आणि शिवाय आठवड्याच्या मधल्या दिवशी ट्रॅकवर गेलीस की एखादं प्रॅक्टिकल हमखास बुडणार. लेक्चर बुडालं तर नोट्स मिळतात, बुडालेलं प्रॅक्टिकल भरून द्यायला मागे लागावं लागतं, आणि ७५ टक्क्यांच्या खाली हजेरी गेली की टर्म ग्रँटसाठी (परीक्षेला बसण्याची परवानगी) सह्या गोळा करत फिरायचं. पुण्याजवळ दोन-तीन चालवणारे मित्र असतील, एकाच पिकअपमध्ये तीन गाड्या जात असतील आणि शेडचं भाडं वाटून घेता येत असेल, तर तिसऱ्या वर्षी पुन्हा विचार कर. (पिकअपमध्ये गाडी बांधताना पुढच्या चाकावर, चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी ठोकळा दे. नाहीतर पट्टे ताणून फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, पूर्ण दाबला जातो आणि घरी पोचेपर्यंत सील गळायला लागतात.)

तीन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर तिची व्यवस्था मात्र बदलावी लागेल. सध्या तू रविवारी रात्री बस पकडायच्या घाईत गाडी तशीच टाकून येत असणार. ते उलटं कर: तयारी पुढच्या फेरीच्या सकाळी नाही, याच फेरीच्या शेवटी. रविवारी दुपारी तीनला ट्रॅक बंद, मग दोन तास गाडीचे.

सगळ्यात आधी एअर फिल्टर. फोमचे दोन फिल्टर ठेव, एक गाडीत आणि एक तेल लावून झिपच्या पिशवीत. मळलेला फिल्टर पेट्रोलने धुऊ नकोस, पेट्रोलने शिवणीचा डिंक सुटतो. फिल्टर क्लीनर वापर, मग साबणाचं कोमट पाणी. पिळायचा नाही, तळव्यांमध्ये दाबायचा, पिळला की फोम फाटतो. सावलीत पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑइल हाताने चोळ, सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत. फिकट डाग राहिला तर तिथून धूळ आत जाणार. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर. मग बोट फिरवून बघ, कड कुठे उचललेली तर नाही ना. आपल्याकडच्या मुरमाच्या धुळीत दोन मिलिमीटरची फट एका दिवसात नुकसान करते. धूळ इनटेक व्हॉल्व्हची बैठक झिजवते, व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (त्याच्यासाठी ठेवलेली बारीक फट) कमी होत जातो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे गाडी थंड असताना स्टार्ट व्हायला कुरकुर करते. तेव्हा स्पार्क प्लग बदलत बसू नकोस, क्लिअरन्स मोजून घे.

त्यानंतर गाडी स्टँडवर, दोन्ही चाकं हवेत. स्पोकवर पान्याने हलकेच टकटक: घट्ट स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. मागच्या स्प्रॉकेटचे (चेनचं दातेरी चाक) बोल्ट दर वेळी तपास, ते सैल होतात आणि एक निसटला की बाकीचे पाठोपाठ जातात. थ्रॉटल सोडल्यावर खटकन बंद होतो ना, हँडल दोन्ही टोकांना वळवूनही होतो ना, हे बघ. टायरमध्ये हवा साधारण १२ ते १४ पीएसआय. खडकाळ ट्रॅकवर वरची बाजू धर. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंब (उंदीर), आणि त्याला लाल चिंधी बांध म्हणजे सुरू करताना विसरणार नाहीस. सेमिस्टरच्या शेवटी महिनाभराहून जास्त गॅप पडणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढ. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावा धरतो आणि इंजिनला पेट्रोल पोचवणारी बारीक छिद्रं चिकटतात.

हँडलवर अवर मीटर नसेल तर लगेच बसव. या गाड्यांचं आयुष्य किलोमीटरमध्ये नसतं, तासांत असतं. हौशी वापरात पाच-सहा तासांनी इंजिन ऑइल, ३० ते ४० तासांच्या आसपास पिस्टन. नेमका आकडा तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घे, रेसिंगसाठीचा आकडा त्याहून बराच कमी असतो. वर्षाला ३५ तास चालवलीस तर साधारण वर्षातून एक पिस्टन, असा सरळ हिशेब होतो. ऑइल, पिस्टन, टायर, चेन-स्प्रॉकेटचा सेट, टेम्पो आणि ट्रॅकची फी यांची वर्षाची बेरीज करून तासांनी भाग. जो आकडा येईल तो बाबांना दाखव. ‘खूप खर्च होतो’ यावर भांडण होतं, ‘तासाला इतके’ यावर बोलणी होतात. तो आकडा झेपत नसेल तर २५० विकून एअर-कूल्ड १४० सीसीची ट्रेल गाडी घेणं हाही मार्ग आहे: सस्पेन्शन साधं, पण देखभाल निम्म्याहून कमी, आणि कॉर्नरिंग, ब्रेकिंग, उभं राहून चालवणं हे सगळं तिच्यावर तितकंच शिकता येतं. हिरोच्या एक्सपल्स २०० चा मोह अनेकांना होतो, कारण तिला नंबर आहे, कॉलेजलाही नेता येते. पण ती १५० किलोच्या वर आहे, तुझी २५० जेमतेम ११० च्या आसपास. टेबलटॉपवर हा फरक मनगटांना कळतो.

पुण्यातले मधले दिवस फुकट नाहीत. मोटोमध्ये नाडी पंधरा-वीस मिनिटं जवळजवळ टोकाला असते, आणि तुझी लाइन चुकायला लागते ती दम संपल्यावर. आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडीचा किंवा तळजाईचा चढ: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. आणखी दोनदा जिममध्ये ४० मिनिटं: डेडलिफ्ट, स्क्वॉट, रोइंग, प्लँक आणि बारला नुसतं लटकणं. आर्म पंपला (चालवताना हाताचे स्नायू फुगून कडक होणं) घाबरून हँड ग्रिपर दाबत बसणारे पुष्कळ असतात. पंप बहुतेक वेळा हँडल घट्ट धरल्यामुळे येतो आणि गाडी गुडघ्यांनी धरली की हात आपोआप सैल पडतात. तेव्हा मांड्यांवर काम कर.

परीक्षेआधीचे सहा आठवडे मी वेगळे काढतो. कारण मनगट. हात टेकून पडलं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोलगट भागात दुखतं. पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी काही दिसत नाही, लोक क्रेप बँडेज बांधून चालवत राहतात. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा तोकडा असतो, दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. तिथे दुखत असेल तर एक्स-रे नॉर्मल असला तरी हात बांधून ठेवायचा आणि १०–१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय. प्लास्टर सहा आठवडे ते तीन महिने. लिहिता हात असेल तर पेपर गेले. म्हणून परीक्षेच्या सहा आठवडे आधीपासून मोठ्या जंप बंद, फक्त कॉर्नर आणि ब्रेकिंग. शेवटचे दोन आठवडे गाडीच बंद. तरी काही झालंच तर लेखनिक मिळतो, पण त्याचा अर्ज आणि मेडिकल सर्टिफिकेट परीक्षा विभागाला वेळेत द्यावं लागतं, पेपरच्या सकाळी नाही.

विमा: घरच्या हेल्थ पॉलिसीत एक्सक्लुजन ०९ हे कलम शोध. त्यात धोकादायक खेळांत, मोटर रेसिंगसह, ‘प्रोफेशनल’ म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च वगळलेला असतो. सगळी मेख त्या एका शब्दात आहे. स्पर्धेचं लायसन्स आणि क्वचित बक्षिसाची रक्कम असलेली विद्यार्थिनी प्रोफेशनल धरली जाते का, हे कंपनीला ईमेलने विचार आणि लेखी उत्तर जपून ठेव. एजंटचं तोंडी ‘काही होत नाही ताई’ क्लेमच्या वेळी उपयोगाचं नाही.

राहिला ड्रॉपचा प्रश्न. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा (सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममधलं मोटोक्रॉस) पहिला राउंड झाला तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात हे वारं आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्या लीगचे ४५० आणि २५० सीसीचे मुख्य क्लास आंतरराष्ट्रीय रायडर्सचे आहेत. भारतीयांसाठी जागा थोड्या. केवळ मोटोक्रॉसवर घर चालवणारे आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके. एक वर्ष मोकळं मिळाल्यावर तू रोज चालवशील का? पैसा, गाडीचे तास आणि तुझं शरीर, तिन्ही रोज पुरणार नाहीत. आठवड्याला तीन दिवस धर. उरलेले चार दिवस घरी, बाबांच्या समोर. त्यापेक्षा वर्षातले स्पर्धेचे दोन राउंड निवड, मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या लायसन्सचे आणि मेडिकलचे कागद आधी करून ठेव, आणि क्लास टीचरना आयोजकांचं पत्र महिनाभर आधी दे. राउंडच्या तारखा ऐनवेळी सरकतात, तेव्हा पर्यायी राउंडही ठरवून ठेव. क्रीडा गुणांवर मात्र भिस्त नको, मोटोक्रॉस आंतरविद्यापीठ स्पर्धांत नाही.

आणि ‘कायमची मागे पडेन’ याबद्दल. निव्वळ सुपरक्रॉसचा वेग विशीतच असतो, हे खरं. पण तू थांबणार नाहीयेस, वर्षाला ३५ तास चालवणार आहेस. शिवाय वाट एकच नाही: डकार रॅली (लांब पल्ल्याची वाळवंटी शर्यत) पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष मोटोक्रॉसमधूनच आले, आणि २०१५ मध्ये ती रॅली पूर्ण केली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते.

बाबांना खेळ कळत नाही असं तुझ्या पत्रात ओळींच्या मध्ये आहे. मला वाटतं, त्यांना मार्कांपेक्षा पडण्याची भीती आहे आणि मार्क हे बोलायला सोपं कारण आहे. डॉक्टरांकडे त्यांना सोबत ने. ऑक्टोबरची पाच मिनिटं त्यांना तुझ्या तोंडून कळू देत; डॉक्टरांच्या केबिनमध्ये पहिल्यांदा ऐकली तर गाडी त्याच संध्याकाळी विकली जाईल. आणि जाण्याआधी एम-थ्रीच्या बॅकलॉगचा फॉर्म भरून टाक. त्याची शेवटची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डवर असते, ती रायडर्सच्या ग्रुपवर कुणी टाकणार नाही.